सदतीस मिनिटांची तालीम

गिटारच्या मानेच्या टोकाशी तारा पिळायच्या ज्या खुंट्या असतात, त्यांना इंग्रजीत ‘मशीन हेड’ म्हणतात. डीप पर्पल या इंग्लिश बँडने मार्च 1972 मध्ये आपली सहावी एलपी काढली, तेव्हा तिला हेच नाव दिलं. कव्हरवर चकचकीत धातूचा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेली अक्षरं, पत्र्यात पाचही वादकांची वेडीवाकडी प्रतिबिंबं आणि कव्हरच्या मागे बेस गिटारची खुंटी. आपल्याकडच्या एखाद्या सतारवादकाने रेकॉर्डला ‘खुंटी’ असं नाव द्यावं, तसाच हा प्रकार. नाव ना प्रेमाचं, ना बंडाचं, ना सैतानाचं. वाद्याच्या एका सुट्या भागाचं. हार्ड रॉकची तबकडी म्हणजे तेव्हाच्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांना काय होती, असं विचारलं की ‘बंडखोरी’ हे ठरलेलं उत्तर येतं: लांब केस, कर्कश आवाज, आईबापांशी भांडण. हे उत्तर खोटं नाही, पण उथळ आहे. बंड करायला चांगली तबकडी लागत नाही, कुठलाही गोंगाट चालतो. मग काही तबकड्याच का टिकल्या, आणि त्याही पन्नास-पन्नास वर्षं? मला वाटतं, टिकलेली तबकडी ही त्या वयाची तालीम होती; आणि मराठीत या शब्दाचे जे दोन अर्थ आहेत, त्या दोन्ही अर्थांनी. गवय्याची तालीम, जिथे तीच जागा शंभरदा घोटायची. आणि पैलवानाची तालीम, जिथे मिसरूड फुटायच्या सुमारास पोरं जातात, घाम गाळतात, एकमेकांशी जोर अजमावतात. फरक इतकाच की या तालमीत वस्ताद हजर नसायचा. तो तबकडीच्या खाचेत असायचा.

ही तबकडी तयार झाली तीही अडचणीतून वाट काढत. डीप पर्पलला स्टुडिओतलं गुळगुळीत रेकॉर्डिंग नको होतं. मंचावर वाजवताना जो जोर येतो, तो तबकडीत उतरावा म्हणून त्यांनी रोलिंग स्टोन्सची फिरती रेकॉर्डिंग गाडी भाड्याने घेतली आणि डिसेंबर 1971 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो गावी मुक्काम टाकला. जिनिव्हा सरोवराच्या काठावरचा तिथला कसिनो हिवाळ्यात बंद होणार होता. 4 डिसेंबरला अमेरिकन रॉक संगीतकार फ्रँक झॅपाचा तिथला शेवटचा कार्यक्रम झाला की जागा यांच्या ताब्यात यायची होती. त्या कार्यक्रमात प्रेक्षकांतल्या कुणीतरी छताकडे फ्लेअर पिस्तूल झाडलं, आग लागली आणि कसिनो जळून खाक झाला. धूर सरोवरावर पसरला. तो बघूनच पुढे एका गाण्याला नाव सुचलं: ‘स्मोक ऑन द वॉटर’, पाण्यावरचा धूर. मग पॅव्हिलियन नावाच्या सभागृहात बस्तान मांडलं, तर रात्रीच्या दणदणाटाने शेजारी वैतागले आणि पोलीस आले. अखेर हिवाळ्यामुळे ओस पडलेल्या ग्रँड हॉटेलचा बोळ मिळाला. आवाज घुमू नये म्हणून गाद्या उभ्या लावल्या, गाडी बाहेर उभी केली आणि वायरी आत ओढल्या. वाजवलेलं ऐकायला गाडीपर्यंत जायचं तर खोल्यांमधून, बाल्कन्यांवरून वळसे घालत जावं लागे. त्याचा इतका कंटाळा आला की त्यांनी जाणंच सोडलं. वाजवायचं, एकमेकांच्या तोंडाकडे बघायचं आणि जमलं असं वाटलं की पुढे सरकायचं. दोन-अडीच आठवड्यांत सात गाणी झाली, सुमारे सदतीस मिनिटांची. वाजवणारे तेवीस ते तीस वयाचे होते, म्हणजे पोरसवदा नव्हते आणि मुरलेलेही नव्हते. पाच माणसं एका बोळात एकत्र वाजवतायत, हे त्या तबकडीत ऐकू येतं. तालमीच्या दृष्टीने हीच गोष्ट मोलाची, कारण जे पाच माणसांनी हाताने वाजवलंय, ते दुसऱ्या पाच जणांना वाजवून बघता येतं.

‘स्मोक ऑन द वॉटर’ या गाण्याची सुरुवात जवळून पाहिली तर हे लक्षात येईल. गिटारवादक रिची ब्लॅकमोर ज्या छोट्या पुनरावृत्त सुरावटीने, म्हणजे रिफने, गाणं उघडतो, तिच्यात फक्त चार सूर आहेत. आपल्या भाषेत सांगायचं तर षड्ज, कोमल गंधार, शुद्ध मध्यम आणि मधेच चाटून जाणारा तीव्र मध्यम. प्रत्येक सुराबरोबर त्याच्याखालचा, मध्यमाच्या अंतरावरचा आणखी एक सूर वाजतो. दोन तारा, एक बोट, आणि पट्टीवर वरखाली सरकणं. बोटं अजून कोवळी आहेत अशा मुलालाही हे तासाभरात जमतं. खोच पुढे आहे. रिफ आधी एकटी गिटार वाजवते. मग ड्रमची झांज बारीक ठेका धरते आणि जॉन लॉर्डचा हॅमंड ऑर्गन तिच्यात मिसळतो. हा ऑर्गन मार्शल कंपनीच्या गिटारच्या ॲम्प्लिफायरमधून काढलेला, म्हणून त्यालाही गिटारसारखी खरखर आहे. मग उरलेले ड्रम येतात, त्यानंतर रॉजर ग्लोव्हरची बेस गिटार, आणि सगळं जुळून आल्यावर गायक. घर बांधताना आधी खांब, मग तुळया, मग छप्पर अशी रचना कुणी डोळ्यांसमोर करून दाखवावी, तसं हे आहे. शिकणाऱ्याला इथे नुसती सुरावट मिळत नाही. कोण कधी आत येतो, तोवर बाकीच्यांनी गप्प कसं बसायचं, हेही कळतं. चौदा वर्षांच्या मुलाला गप्प बसायला शिकवणं कुठल्याही शाळेला सहज जमलेलं नाही.

याच तबकडीचं पहिलं गाणं, ‘हायवे स्टार’, उलट टोकाला आहे. त्यातला ब्लॅकमोरचा सोलो झपाट्याचा, आणि त्याची वीण बाखच्या वळणाच्या स्वरसंगतींवर बेतलेली. तो रेकॉर्डिंगच्या वेळी सुचलेला नव्हता. आधीच सूर न् सूर बसवून ठेवलेला होता, असं ब्लॅकमोरनेच सांगितलं आहे. संगीताचे अभ्यासक रॉबर्ट वॉल्सर यांनी 1993 च्या आपल्या पुस्तकात हार्ड रॉक आणि हेवी मेटलच्या वादकांनी युरोपच्या अभिजात संगीतातून काय काय उचललं याची तपशीलवार छाननी केली आहे, आणि त्यात ब्लॅकमोरला मानाची जागा आहे. म्हणजे एकाच तबकडीत बाराखडीही आहे आणि अवघड समासही. पहिल्या आठवड्यात चार सुरांची रिफ, पहिल्या वर्षात ‘स्पेस ट्रकिन’चा दणका, आणि मग कधीतरी, बोटांना घट्टे पडल्यावर, ‘हायवे स्टार’च्या सोलोला हात. असा चढता क्रम कुणी मुद्दाम आखला नव्हता. पण ज्या तबकड्यांत तो आपोआप आला, त्याच पोरांनी झिजवल्या. नुसत्या अवघड तबकड्या कपाटात राहिल्या, नुसत्या सोप्या महिन्याभरात विसरल्या गेल्या.

शिकायची रीतही तबकडीनेच ठरवली. नोटेशन विकत मिळत असे, पण त्यात अनेकदा चुका, आणि गिटारची खरखर कागदावर उतरत नाहीच. म्हणून सुई उचलायची, दोन खाचा मागे ठेवायची, पुन्हा ऐकायचं. बऱ्याच रेकॉर्ड प्लेयरवर 16 फेऱ्यांची गती असे. 33⅓ ची तबकडी तिच्यावर लावली की सगळं निम्म्या वेगाने आणि बरोबर एक सप्तक खाली ऐकू येई. सूर तेच, फक्त खर्जात, आणि घाईत निसटलेली प्रत्येक जागा मोकळी. ब्रिटिश संगीतशिक्षणतज्ज्ञ लूसी ग्रीन यांनी लोकप्रिय संगीतातले वादक कसे शिकतात याचा अभ्यास 2002 मध्ये पुस्तकरूपाने मांडला. बहुतेकांनी रेकॉर्डची नक्कल करत, मित्रांबरोबर, शिक्षकाविना हात तयार केला, हा त्याचा गाभा. मराठी वाचकाला यात नवल वाटायचं कारण नाही. शिवपुत्र कोमकली नावाचा बेळगावकडचा एक मुलगा फिरत्या तबकडीवरच्या बड्या गवयांचं गाणं हुबेहूब गाऊन दाखवत असे, म्हणून तर तो बालवयातच कुमार गंधर्व झाला. पुढे त्याला देवधर मास्तरांसारखे गुरू भेटले, हा भाग रॉकच्या पोरांच्या वाट्याला आला नाही. पण पहिली पायरी तीच, आणि गाणं कानाने उचलायची ही रीत आपल्याकडे ब्लॅकमोरच्या जन्माआधीपासूनची.

मुंबईत ही तालीम एका जुन्या परंपरेच्या शेजारी उभी राहिली, आणि तिच्याशी ताडून पाहिल्यावरच तिचं वेगळेपण उठून दिसतं. पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात चर्चच्या पॅरिश शाळांतून पोरांना सॉल्फेज, म्हणजे नोटेशनवरून गायला-वाचायला शिकवत. त्या शाळांतून आलेल्या गोवेकर वादकांनी मुंबईचे जॅझ बँड चालवले आणि हिंदी सिनेमाचे वाद्यवृंद उभे केले. सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट ही त्यातली ठळक नावं. या माणसांचा अभिमान कागद वाचण्यात होता. समोर पान ठेवलं की पहिल्या फटक्यात वाजवणार. धोबीतलावला फुर्तादोंच्या दुकानात याच परंपरेसाठी नोटेशनची पुस्तकं आणि वाद्यं मिळत. त्या पेढीचा जन्म 1865 चा. हार्ड रॉक वाजवू लागलेली पिढी तारा आणायला त्याच परिसरात जाई, पण कागदाची पुस्तकं बहुधा तिथेच ठेवून परते. एक पिढी डोळ्यांनी शिकलेली, दुसरी कानांनी. चांगलं कोण, हा वाद निरर्थक आहे. मात्र कानाने शिकणाऱ्याला पानाऐवजी तबकडी लागते, आणि तबकडी महाग होती.

महाग आणि दुर्मीळ. आयातीवर बंधनं होती. ईएमआय या ब्रिटिश रेकॉर्ड कंपनीचा माल भारतात ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया, म्हणजे आपली एचएमव्ही, डमडमच्या कारखान्यातून काढत असे. जे निघेल ते, जेव्हा निघेल तेव्हा. ज्याच्याकडे परदेशातून आलेली एलपी, त्याच्या घरी बैठक. पुढे कॅसेट आली आणि कॅसेट भरून देणारी दुकानं आली. हा धंदा कायद्यात बसणारा नव्हता, पण मुंबई-पुण्याच्या कितीतरी तरुण कानांवर त्याचे उपकार आहेत. गिऱ्हाईक यादी देई, दुकानदार भरून देई. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. ‘मशीन हेड’ त्यात सबंध मावून आठेक मिनिटं उरत. त्या उरलेल्या फितीत काय भरायचं यावर माणसाची पारख होई. एलपीपेक्षा कॅसेट स्वस्त, पण तालमीला जरा वाईट, कारण सुई उचलून जागेवर ठेवता येते, तशी फीत मागे नेता येत नाही. बटण दाबून अंदाजाने मागे जायचं, चुकलं की पुन्हा. सेलचा खर्च वाचावा म्हणून फीत पेन्सिलीने गुंडाळायची. आणि प्लेयरची गती थोडी मागेपुढे असली की गिटारचा सूर कॅसेटशी जुळेना. मग खुंट्या पिळून आपलीच गिटार त्या फितीच्या पट्टीत आणायची. तबकडीचं नाव अशा वेळी अक्षरशः कामाला यायचं.

काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे तबकड्यांचं दुकान, कॉलेजांचे महोत्सव आणि धोबीतलावचं रंगभवन ही या तालमीची दंगलीची ठिकाणं. रंगभवन म्हणजे झेवियर्स कॉलेजच्या शेजारचं उघडं नाट्यगृह. 1980 मध्ये ‘द पोलिस’ हा इंग्लिश बँड मुंबईत वाजवून गेला, आणि 1986 पासून फरहाद वाडिया यांनी सुरू केलेला ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव रंगभवनात भरू लागला. रंगभवनच्या श्रोत्यांना गाण्यातली प्रत्येक जागा पाठ, आणि हे पाठ असणंच वाजवणाऱ्याची परीक्षा. पुढे 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालयं, शाळा-कॉलेजं आणि न्यायालयांभोवतीचा शंभर मीटरचा टापू शांतता क्षेत्र ठरवला आणि रंगभवनाचा आवाज बंद झाला. रुग्णालयाच्या बाजूने बोलायचं तर निर्णय योग्यच होता. माँत्रोच्या पॅव्हिलियनमध्ये पोलीस आले, तेव्हाही शेजाऱ्यांचं काही चुकलं नव्हतं.

आता बंडखोरीच्या मुद्द्याकडे वळू. आक्षेप असा येईल की तालीम-बिलीम ही तुमची सोज्वळ मांडणी. पोरांना आवडायचा तो आवाज, आणि आवाज आवडायचा तो घरच्यांना नकोसा होता म्हणून. पुरावाही आहे. 1972 मध्ये लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये डीप पर्पलचा आवाज 117 डेसिबलपर्यंत गेला आणि गिनेस बुकाने त्यांना जगातला सर्वांत मोठ्या आवाजाचा बँड ठरवलं. 1985 मध्ये अमेरिकेत टिपर गोर आणि वॉशिंग्टनच्या बड्या राजकारण्यांच्या इतर बायकांनी अशा गाण्यांविरुद्ध मोहीम उघडली, सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली. तिथे संगीताच्या बाजूने बोलायला गेलेल्यांत तोच फ्रँक झॅपा होता, ज्याच्या कार्यक्रमात माँत्रोचा कसिनो जळाला. 1990 मध्ये नेव्हाडात ज्यूडस प्रीस्ट या बँडवर खटला चालला: त्यांच्या तबकडीतल्या छुप्या संदेशामुळे दोन तरुणांनी स्वतःवर गोळ्या झाडल्या, असा आरोप होता. न्यायालयाने तो मानला नाही. एवढं रामायण घडतं, तेव्हा बंड नव्हतंच असं कसं म्हणणार? म्हणत नाहीच. पण हे पुरावे मोठ्यांच्या धास्तीचे आहेत. पोरं त्या तबकडीचं काय करत होती, हे त्यांतून कळत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेफ्री आर्नेट यांनी हेवी मेटलच्या किशोरवयीन चाहत्यांशी बोलून 1996 मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांना आढळलं की राग आलेला असताना मुलं हे संगीत लावत, आणि ते ऐकून त्यांतली बरीच शांत होत. तालमीत जाणाऱ्या पोराच्या आईला यात नवीन काही नाही: पोरगा संध्याकाळी दमून येतो आणि भांडण न करता जेवतो.

दुसरा आक्षेप धंद्याचा आहे, आणि तो मला जास्त वजनदार वाटतो. तबकडी हा कारखान्याचा माल, जाहिरातीने खपवलेला; पोरांची ‘आवड’ म्हणजे कंपनीने लावलेली सवय. याला उत्तर ‘मशीन हेड’च्या इतिहासातच आहे. कंपनीची आणि बँडची मदार ‘नेव्हर बिफोर’ या गाण्यावर होती. छोटं, आटोपशीर, रेडिओवर चालेलसं, म्हणून सिंगल काढली ती त्याची, आणि तिने फारसा पराक्रम केला नाही. ‘स्मोक ऑन द वॉटर’ हे त्यांच्या लेखी तबकडीतलं एक गाणं, बस्स. त्याची सिंगल अमेरिकेत निघायला 1973 उजाडावं लागलं. निघाल्यावर मात्र ती चौथ्या क्रमांकापर्यंत चढली. कंपनीने एका गाण्याकडे बोट दाखवलं आणि ऐकणाऱ्यांनी दुसरंच उचललं. रेडिओचा, मैफलींचा यात वाटा होताच. पण पुढची पन्नास वर्षं ती रिफ कुणी जिवंत ठेवली, याचं उत्तर वाद्यांच्या दुकानात मिळतं. गिटार हातात घेऊन बघणारा नवशिका जगभर तीच वाजवतो, दुकानदार कंटाळून जातो. 2007 मध्ये अमेरिकेत कॅन्सस सिटीला दीड हजारांहून जास्त गिटारवाले जमले आणि एकाच वेळी त्यांनी तीच रिफ वाजवली. हौस जाहिरातीने लागते, मान्य. बोटांचे घट्टे जाहिरातीने पडत नाहीत.

पण तिसरा आक्षेप असा आहे की त्यापुढे मला थोडी माघार घ्यावी लागते. नक्कल करत शिकलेला नक्कलच करत राहतो. मुंबईच्या रॉकने निदान पहिली पंधरा-वीस वर्षं मुख्यतः दुसऱ्यांची गाणी वाजवली. ॲटॉमिक फॉरेस्ट हा मुंबईतला दमदार बँड. त्यांची तबकडी 1981 मध्ये निघाली, तीही बरीचशी परदेशी गाण्यांची. श्रोतेच तसे मागत. स्वतःचं गाणं सुरू केलं की लोक ओळखीचं वाजवा म्हणून ओरडत. जिथे ऐकणाऱ्यालाही मूळ तबकडी सुरासुराने पाठ, तिथे तिच्याहून वेगळं वाजवणं ही चूक ठरते. गवय्याच्या तालमीतला शिष्य गुरूसारखं गाऊन गाऊन एक दिवस गुरूकडूनच ‘आता आपलं गा’ असं ऐकतो. खाचेतला वस्ताद हे कधीच म्हणत नाही. ही या तालमीची खरी उणीव, आणि ती झाकण्यात अर्थ नाही.

तरीही ती कायमची ठरली नाही. रॉक मशीन हा 1984 चा मुंबईचा बँड इतरांसारखाच दुसऱ्यांची गाणी वाजवत मोठा झाला. उदय बेनेगल गायक, महेश तिनईकर आणि जयेश गांधी गिटारवर. 1988 मध्ये त्यांनी ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ ही स्वतःच्या गाण्यांची तबकडी काढली. पुढे नाव बदलून ते इंडस क्रीड झाले. पहिल्या तबकडीवर परदेशी गुरूंची छाप ठळक आहे. पुढच्या कामात ती विरत जाते, तबला-सारंगीसारखे इथले आवाज डोकावतात. गोव्यात रेमो फर्नांडिसने 1984 मध्ये ‘गोवन क्रेझी’ घरीच, छोट्या चार ट्रॅकच्या मशीनवर भरली. वाद्यं बहुतेक स्वतः वाजवलेली, गळे सगळे स्वतःचे, आणि कॅसेटी स्कूटरवरून दुकानोदुकानी पोचवणारा तोच. तबकड्या ऐकून कान तयार झालेला माणूस हे करू शकला, कारण एक माणूस गिटार, बेस, ठेका, कोरस यांची जागा कशी ठरवतो, हे त्याला कागदावाचून कळत होतं. नकलेतून बाहेर पडायला वेळ लागला, बरेच जण पडलेही नाहीत. पण जे पडले त्यांचा पायाही नकलेचाच होता. परदेशातही हेच. स्वीडनच्या इंगवे मामस्टीनला आठव्या वर्षी डीप पर्पलची ‘फायरबॉल’ ही तबकडी भेट मिळाली. त्यातून निघालेला वादक पुढे ब्लॅकमोरहून वेगाने वाजवू लागला. मेटॅलिकाचा ड्रमवाला लार्स उलरिक नऊ वर्षांचा असताना कोपनहेगनला डीप पर्पलच्या मैफलीला गेला होता; 2016 मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये डीप पर्पलचं स्वागत करायला तोच उभा राहिला. आणि ग्रँड हॉटेलच्या बोळातला तो आवाज फितीवर उतरवणारा तंत्रज्ञ मार्टिन बर्च 1981 पासून आयर्न मेडनच्या तबकड्या घडवत होता. घराण्याची वंशावळ यापेक्षा वेगळी कशी असते?

घराणं म्हटलं की दार कुणासाठी उघडं, हाही प्रश्न येतो. मुंबईतली ही तालीम वांद्र्याची, माहीमची, कुलाब्याची होती; कॅथलिक, पारशी आणि इंग्रजी शाळांत शिकलेल्यांची. गिरगाव-दादरच्या मराठी शाळेतल्या मुलाला इंग्रजी शब्द कळत नसत ही मोठी अडचण नव्हती, कारण ते वांद्र्यातही धड ऐकू येत नसत. अडचण वाद्याची आणि जागेची होती. इलेक्ट्रिक गिटार, ॲम्प आणि आवाज सहन करील असं घर चाळीत कुठून आणणार? तिथल्या मुलाची तबल्याची किंवा हार्मोनियमची तालीम दोन खोल्यांत होऊ शके. ड्रमची होत नसे. मुलींसाठी दार आणखी अरुंद होतं. त्या ऐकत, शब्द पाठ करत, कॅसेटी भरून घेत, पण सरावाच्या खोलीत वाद्य धरलेली मुलगी विरळा, इथेही आणि तिकडेही. 1970 च्या दशकातल्या रनअवेज या लॉस एंजेलिसच्या पोरींच्या बँडला त्यांचं वय आणि कपडे यांवरूनच जास्त जोखलं गेलं. त्यांची गिटारवादक लिटा फोर्ड मात्र ब्लॅकमोरला गुरुस्थानी मानून वाजवायला शिकलेली होती. पैलवानाच्या तालमीत बायकांना मज्जाव असे, म्हणून कुस्ती ही कला नव्हती असं कुणी म्हणत नाही. पण तालमीचा इतिहास लिहिताना उंबऱ्याबाहेर कोण उभं होतं, हे लिहावं लागतं.

आज ‘हायवे स्टार’चा सोलो कुठली बोटं कुठल्या पडद्यावर ठेवून वाजवायचा, हे फोनच्या पडद्यावर संथ गतीत दिसतं, सूर खाली न उतरता वेग निम्मा करता येतो. आजची पोरं त्यामुळे आळशी झाली, असं मला वाटत नाही. तेरा-चौदा वर्षांची मुलं-मुली आज जे वाजवतात, ते 1972 मधल्या पोरांना स्वप्नातही आलं नसतं. बदललं ते एवढंच की त्यांच्यापुढे हजार वस्ताद आहेत. एकाच वस्तादाबरोबर वर्षभर कोंडून घ्यायची सक्ती गेली. ती सक्ती गरिबीतून आणि टंचाईतून आलेली होती, तिचे गोडवे गायचं कारण नाही. तिच्याबरोबर तबकड्यांचं दुकानही गेलं: काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस 2016 मध्ये बंद झालं.

माँत्रोत सरोवराच्या काठावर आता ‘स्मोक ऑन द वॉटर’चं स्मारक आहे. पाचगणीच्या शाळेत ‘द हेक्टिक्स’ नावाच्या बँडमध्ये पियानो वाजवणारा मुलगा पुढे क्वीन बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी झाला, त्याचा पुतळाही याच काठावर आहे. गाण्याच्या स्मारकावर बँडचं नाव आहे, गाण्याचं नाव आहे आणि ती चार सुरांची रिफ आहे, पाच रेघांच्या नोटेशनमध्ये. जगभरातून गिटारवाले तिथे येतात, शेजारी उभे राहून फोटो काढतात. वाजवायला सगळ्यांना येते. त्या रेघांवर लिहिलेली वाचता येते थोड्यांनाच.